तेहतीस टक्क्यांची रेषा आणि यंत्राचे तर्कशास्त्र

अतिवृष्टीची सरकारी व्याख्या एका आकड्यात मावते. महसूल मंडळातील हवामान केंद्रात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस नोंदला गेला, की त्या मंडळात अतिवृष्टी झाली. ६४ नोंदला गेला, की झाली नाही. मंडळाच्या एका कडेला ओढा फुटून शेत वाहून गेले आणि पर्जन्यमापक दुसऱ्या कडेला असला, तर शासनाच्या लेखी त्या शेतावर पडला तो नुसता पाऊस. कोल्हापूर जिल्ह्यात तर या आकड्याचा पोकळपणा नकाशावरच दिसतो. घाटमाथ्यावरील गगनबावड्यात ६५ मिलिमीटर हा आषाढातील एक सामान्य दिवस. तेथील भात, नाचणी आणि माणसे त्या पावसाला सरावलेली आहेत. पूर्वेकडील शिरोळात तेवढाच पाऊस एका दिवसात कोसळला तर भाजीपाल्याचे मळे आडवे होतात. शिवाय शिरोळचे खरे दुर्दैव असे, की तेथील महापूर आकाशातून येत नाही, नदीतून येतो. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येतात, आणि डोक्यावर कोरडे आभाळ असतानाही पायाखालची जमीन बुडते.

एक रेषा पुरत नाही हे सरकारलाही उशिरा का होईना जाणवले. एप्रिल २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही राज्यापुरती स्वतंत्र आपत्ती मानण्याचा निर्णय झाला. पण उपाय कोणता निघाला? सलग ५ दिवस दररोज किमान १० मिलिमीटर, अशी आणखी एक रेषा! एका खुंट्याने भागेना म्हणून शेजारी दुसरा ठोकला, इतकेच.

पावसाची रेषा ओलांडली तरी पुढे नुकसानीची रेषा उभीच असते. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच मदत मिळते. २०१५ पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. ती खाली आली हे खरे, आणि ते स्वागतार्हही होते. परंतु रेषा खाली सरकली म्हणून तिचा स्वभाव बदलला नाही. ३२ टक्के पीक गेलेल्याच्या हाती भोपळा, आणि ३३ टक्के गेलेल्याला हेक्टरी जो दर तोच शंभर टक्के गेलेल्याला. बांधाच्या एका बाजूस मदत आणि दुसऱ्या बाजूस काही नाही, अशी दृश्ये प्रत्येक पुरानंतर दिसतात. आणि त्या बांधावर पंचनाम्यासाठी उभा असलेला तलाठी कोणाकडे पाहून कोणता आकडा लिहितो, यावर गावात पुढे वर्षभर बोलणी होतात. (तलाठ्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. पदे नव्याने बारशी झाली, मोजपट्टी जुनीच राहिली.)

अशा धारदार रेषांनी जग नीट समजत नाही, हे साठ वर्षांपूर्वी एका गणितज्ञाने सांगितले, आणि त्याचे म्हणणे जगभरच्या कारखानदारांनी आनंदाने उचलले. लोत्फी झादे हा बाकू शहरात १९२१ साली जन्मलेला, इराणात वाढलेला आणि पुढे अमेरिकेत बर्कली येथे प्राध्यापक झालेला माणूस. १९६५ साली त्याने ‘फझी’ संचांची, म्हणजे धूसर सीमांच्या संचांची, कल्पना मांडली. जुन्या तर्कशास्त्रात एखादी वस्तू संचात असते किंवा नसते. तिसरी अवस्था नाही. झादेने विचारले, ‘उंच माणसे’ हा संच कोठे सुरू होतो? पावणेसहा फुटांवर, की सहा फुटांवर? त्याचे उत्तर असे, की प्रत्येक माणूस त्या संचात काही मात्रेने असतो: कोणी ०.२, कोणी ०.७, कोणी पूर्ण १. मग ‘पाणी थोडे गरम’, ‘दाब बराच वाढलेला’ असे बोलीभाषेतले शब्द गणितात बसविता येतात आणि ‘असे असेल तर तसे कर’ या स्वरूपाचे नियम यंत्राला देता येतात. एकाच वेळी दोन-तीन नियम कमीअधिक मात्रेने लागू होतात, आणि त्यांच्या मिलाफातून यंत्र आपले पाऊल ठरविते. अनेक विद्वानांनी त्या काळी झादेची टिंगल केली. असो.

टिंगल थांबली ती कारखान्यांत. लंडनमध्ये इब्राहिम ममदानी याने १९७० च्या दशकाच्या मध्यास प्रयोगशाळेतील लहानसे वाफेचे इंजिन अशा शाब्दिक नियमांवर चालवून दाखविले. त्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमधील एका कंपनीने सिमेंटची फिरती भट्टी त्याच रीतीने चालविली. १९८७ साली जपानमधील सेन्दाई शहराची भुयारी रेल्वे धूसर तर्कावर धावू लागली, आणि ती इतकी अलगद थांबू लागली की उभ्या प्रवाशाला झोक जाणवू नये. १९९० नंतर कपडे धुण्याची यंत्रे आली. कपडे किती मळके, किती जड, यावरून पाणी आणि वेळ ठरविणारी ही यंत्रे मुंबई-पुण्याच्या दुकानांतही ‘फझी लॉजिक’ असे नाव मिरवत दाखल झाली. मळक्या सदऱ्याला जो न्याय मिळू लागला तो बुडालेल्या सोयाबीनला मात्र अद्याप मिळालेला नाही!

सिमेंटच्या भट्टीची हकिगत जरा थांबून पाहण्यासारखी आहे. त्या यंत्राला दिलेले नियम कोणा प्रकांड पंडिताने रचलेले नव्हते. भट्टीवर काम करणाऱ्यांना शिकविण्यासाठी लिहिलेल्या एका पुस्तकात, ज्वाला अशी दिसली तर इंधन इतके कमी करा, भट्टीचे तोंड असे भासले तर वेग इतका वाढवा, अशा सूचना होत्या. त्याच यंत्रात घातल्या गेल्या. म्हणजे यंत्राची अक्कल ही भट्टीसमोर तापलेल्या कामगारांच्या पिढ्यांची अक्कल होती. ती कागदावर आली, कागदावरून संगणकात गेली आणि कंपनीची मालमत्ता झाली. भांडवलशाहीत श्रमाचे जे होते तेच येथे अनुभवाचे झाले. समाजवादी कार्यकर्त्याला या विषयात रस असावा तो या कारणाने.

याच्या शेजारीच दुसरी एक पद्धत उभी आहे: पूर्वीच्या प्रकरणांवरून निर्णय करण्याची, म्हणजे ‘केस-बेस्ड रीझनिंग’ची. अमेरिकेतील येल विद्यापीठात रॉजर शँक आणि त्याच्या शिष्यांनी १९८० च्या सुमारास ती विकसित केली. यात नियम नसतात, आठवणी असतात. नवी अडचण आली की संगणक साठ्यातील तिच्यासारखे जुने प्रकरण शोधतो, त्या वेळी केलेला उपाय पुढे ठेवतो, आजच्या परिस्थितीनुसार त्यात फेरफार केला जातो, आणि जे घडले ते नवे प्रकरण म्हणून पुन्हा साठ्यात जाते. वकील हेच करतो. अनुभवी वैद्य हेच करतो. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरातल्या फाउंड्रीतला मिस्त्री हेच करतो. ओतीव कामात वायूची छिद्रे पडली, की त्याला गेल्या पावसाळ्यातली वाळू आठवते. तिच्यातला ओलावा आठवतो, साचा कोणी ठोकला होता ते आठवते. ही आठवण त्याच्या पगारपत्रकात कोठेही नोंदलेली नसते आणि तो निवृत्त झाला की फाटकाबाहेर निघून जाते.

लॉकहीड या विमाने बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीत नेमके असेच घडले. विमानाचे हलके भाग एका मोठ्या दाबभट्टीत भाजावे लागत, आणि कोणता भाग भट्टीत कोठे ठेवावा याचे शास्त्र कोणालाच नीट मांडता येत नव्हते. भट्टीवरचे जाणते कामगार पूर्वी साधलेल्या मांडणीची रेखाचित्रे जपून ठेवीत आणि त्यावरून काम चालवीत. १९९० च्या सुमारास ती रेखाचित्रे ‘क्लेव्हिअर’ नावाच्या संगणकप्रणालीत घातली गेली. आरंभी जेमतेम वीस मांडण्या होत्या. वापराबरोबर त्या वाढत गेल्या. या प्रणालीचे कौतुक तज्ज्ञांच्या परिषदांतून पुष्कळ झाले. कामगारांच्या रेखाचित्रांचे मोल किती ठरले, याची चर्चा मात्र त्या कौतुकात आढळत नाही.

कोल्हापूरच्या गुऱ्हाळात हा प्रश्न अधिकच उघडा पडतो. काहिलीतला रस आटत असताना गुळव्या फेसाचा रंग पाहतो, बुडबुड्यांची चाल पाहतो, पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी दाबतो आणि मगच काहील उतरवायला सांगतो. तापमापक सुमारे ११८ अंश सेल्सिअस दाखवितो, पण ऊस कोणत्या जमिनीतला, किती महिन्यांचा, खोडवा की लागण, यावर तो क्षण मागेपुढे होतो. म्हणून एकट्या तापमापकावर कोणी जाणता गुळव्या विसंबत नाही. ‘रंग तांबूस होऊ लागला आणि बुडबुडे जड झाले तर जाळ थोडा ओढ’, हे त्याचे बोलणे म्हणजे झादेच्या कागदावरचा नियमच. शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेल्या शाहूपुरीत या गुळाची पेठ उभी राहिली, आणि २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक निर्देशांक मिळाला. नाव संरक्षित झाले. परंतु गुळव्याच्या बोटांतले ज्ञान कोणत्याही नोंदणीत नाही; गुऱ्हाळे घटत गेली तसे तेही आटत गेले. उद्या एखादी कंपनी काहिलीवर कॅमेरा बसवील, दहा-वीस गुळव्यांच्या शेकडो आदणांचे चित्रण करील आणि ‘स्वयंचलित गूळनिर्मिती’ विकू लागेल. यात अशक्य असे काहीच नाही. तेव्हा त्या गुळव्यांना काय मिळेल? एक दिवसाची मजुरी, आणि कदाचित एक छायाचित्र.

यावर यंत्रच नको, असे म्हणण्याचा मोह कार्यकर्त्यांना होतो. १९६० च्या दशकात विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध मोठा लढा दिला होता. यंत्राचा लाभ कोणाला, हा त्यांचा प्रश्न आजही तितकाच बिनतोड आहे. यंत्र दाराबाहेर ठेवण्याचे त्यांचे उत्तर मात्र काळाने टिकू दिले नाही. ज्ञान साठविले जाणारच असेल, तर ते कोणाच्या कोठारात, हा झगडा आहे. बाजार समिती, सहकारी संघ, महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कोल्हापुरातील ऊस व गूळ संशोधन केंद्र, कामगार संघटना, या साऱ्या संस्था लोकांच्या पैशावर आणि लोकांच्या नावावर उभ्या आहेत. गुळव्यांच्या व मिस्त्र्यांच्या अनुभवांचा साठा त्यांच्या मालकीचा का असू नये, आणि त्याच्या वापरातून येणाऱ्या पैशात अनुभव देणाऱ्याचा वाटा का असू नये?

आता रेषांकडे परत आले पाहिजे, कारण तेथे एक गंभीर आक्षेप आहे आणि तो पक्षातूनच येतो. रेषा धूसर केली की अधिकाऱ्याला मोकळे रान मिळेल. नियम पक्का असतो तेव्हाच गरिबाला दाद मागता येते, असे हे म्हणणे आहे. ते फेटाळण्याजोगे नाही. आठ तासांचा दिवस आणि किमान वेतन या रेषा कामगारांनी रक्त सांडून आखून घेतल्या. त्या धूसर होणे म्हणजे लूट. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली, तेव्हा कोणती रेषा पुसट करावी हे सरकारला बरोबर उमगलेले दिसले! मालकाला आवरणारी रेषा ठाम हवी. नुकसान भरून देणारी मोजणी मात्र उतरती हवी. या दोहोंत गल्लत करता कामा नये.

शिवाय धूसर म्हणजे मनमानी नव्हे. कोणत्या टक्क्याला किती मात्रा, हे आधी ठरवून, छापून, चावडीवर लावता येते. ऊसकरी शेतकऱ्याला हे शिकवायला नकोच, कारण त्याच्या दराचे गणित याच रीतीचे आहे. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने ठरविलेला रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये, उतारा ०.१ टक्क्याने वाढला की ३ रुपये ४६ पैसे अधिक. कमी झाला तर त्याच प्रमाणात घट, परंतु ९.५ टक्के वा त्याखाली उतारा गेला तरी ३२९ रुपये ५ पैशांचा तळ कायम. उतरण आणि तळ, दोन्ही एका कागदावर. पीक विम्याची भरपाईही उंबरठा उत्पन्नापेक्षा किती घट झाली त्या प्रमाणातच काढली जाते. सरकारला प्रमाणाचे गणित येत नाही असे नाही. ते फुकटची मदत देताना विसरले जाते. अर्थात उसाच्या दरातही एक मेख आहेच. उतारा मोजतो कारखाना स्वतः. गणित कितीही न्याय्य असले तरी काटा ज्याच्या हातात आहे त्याच्यावर लक्ष ठेवावेच लागते, ही गोष्ट कोणतेही सॉफ्टवेअर बदलणार नाही.

पुराच्या पाण्याबाबतही हाच विचार लागू पडतो. राधानगरी धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की आपोआप उघडतात. अभियांत्रिकीचा तो सुंदर नमुना आहे, यात शंका नाही. पण त्या दरवाजांना खाली शिवाजी पुलाजवळ पाणी किती चढले आहे, हे ठाऊक नसते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीतल्या गोठ्यांना, तेथील म्हातारीला आणि तेथल्या गरोदर बाईला धोका कधी सुरू होतो, ते बंधाऱ्यावरच्या पट्टीवरून कळत नाही. पाऊस ‘बराच’, धरण ‘जवळजवळ भरलेले’, खालची नदी ‘चढती’, अशा मात्रांवरून पाणी आधीपासून थोडेथोडे सोडण्याचे धूसर तर्कावरील गणित जलाशयांसाठी मांडण्याचे काम देशोदेशीच्या अभियंत्यांनी केलेले आहे. आणि आठवणींचा साठा म्हणाल, तर २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांचे पंचनामे, निवाऱ्यांच्या याद्या, बंद पडलेल्या रस्त्यांच्या नोंदी सरकारी बस्त्यांत बांधलेल्या आहेत. शेवटच्या दोन पुरांत पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली होती. कोणत्या फुटाला कोणती गल्ली बुडाली, जनावरे कोठे नेली, कोणती नाव पोहोचली नाही, हे सारे त्यांतून काढता येईल. याहून मोठे प्रकरणभांडार कोणते हवे?

सध्या सरकारचा ओढा वेगळ्या यंत्राकडे आहे. जून २०२५ मध्ये राज्याने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर करून ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरविली; बारामतीत मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने उसाचे प्रयोग झाले आणि त्यांचा गाजावाजाही झाला. उत्पादन वाढत असेल तर कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु आजची ही प्रचंड यंत्रे आपल्या निर्णयाचे कारण सांगत नाहीत. धूसर नियम वाचता येतात, ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखविता येतात, त्यांतला एखादा चुकीचा असेल तर त्यावर बोट ठेवता येते. जुन्या प्रकरणावरून निर्णय झाला असेल तर ते प्रकरण दाखवा, असे म्हणता येते. न वाचता येणाऱ्या यंत्राशी वाद घालता येत नाही. तेलंगणात संगणकीय जुळवाजुळवीतून लाखो रेशनकार्डे रद्द झाली, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरपडताळणी करण्याचा आदेश द्यावा लागला. नेदरलँड्समध्ये संगणकाने संशयित ठरविलेल्या हजारो पालकांकडून बालसंगोपनाचे अनुदान परत वसूल केले गेले. ते प्रकरण इतके चिघळले की जानेवारी २०२१ मध्ये तेथील सरकारला राजीनामा द्यावा लागला. जेथे माणसाच्या भाकरीचा निर्णय होतो तेथे कारण सांगणारेच यंत्र चालेल, अशी मागणी म्हणूनच आतापासून लावून धरली पाहिजे. पाचशे कोटींतून किती रुपये कंपन्यांच्या परवान्यांवर जातात आणि किती लोकांच्या मालकीच्या साठ्यांवर, हेही विचारले पाहिजे.

मदतीच्या निकषाबाबत तर वाट पाहण्याचे कारणच नाही. १५ टक्के नुकसानीपासून थोडी मदत, मग चढत्या प्रमाणात, आणि ७५ टक्क्यांपुढे पूर्ण, अशी किंवा याहून योग्य एखादी उतरंड २०१९ व २०२१ च्या शिरोळ आणि करवीर तालुक्यांतील पंचनाम्यांवर लावून पाहता येईल. किती शेतकरी वाढतात, किती रक्कम लागते, याचा हिशेब साध्या संगणकावर एका आठवड्यात होण्यासारखा आहे. पंचनामे तहसील कार्यालयांत आहेत आणि माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. अडचण एकच आहे: ३३ टक्क्यांखाली ज्यांचे गेले त्यांची नावे त्या कागदांवर बहुधा सापडणार नाहीत. ती यादी गावोगाव फिरून, घराघरांत विचारून, कार्यकर्त्यांनाच करावी लागेल.